नववीतल्या काही मुलांना खर्र्याचं (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं) व्यसन आहे. शिकवण्याची पद्धत बदलली तर त्यांच्या अभ्यासात फरक पडेल का?

हो, पडतो, कारण मग व्यसन असलं तरी मुलगा वर्गात टिकतो. तंबाखूची सवय जडली की ती मिळाली नाही तर काही तासांतच तलफ येते, चिडचिड होते, लक्ष उडतं. अशा वेळी ३५ मिनिटं सलग फळा भरणं वाया जातं. नागपुरात नववी-दहावीला गणित शिकवताना मला उपयोगी पडलेलं सांगतो: १० मिनिटं शिकवा, लगेच एक उदाहरण सोडवून घ्या, वही तिथेच तपासा. आणि एक गोष्ट नीट पाहा. गालात खर्रा धरलेला मुलगा उत्तर येत असूनही मान खाली घालतो, कारण तोंड उघडलं की वास येणार. आपण त्याला ‘ढ’ ठरवून पुढे जातो. त्याला उत्तर कागदावर लिहून दाखवू द्या. सगळ्यांसमोर खिशातली खर्र्याची पन्नी मात्र काढायला लावू नका. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेतच येत नाही.

पण शिकवण्यानं व्यसन सुटत नाही, त्याला उपचारच लागतात. पालकांना विश्वासात घेऊन मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात पाठवा, किंवा १४४४६ या मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला. तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, तर शासकीय दंत महाविद्यालयात लगेच दाखवा, थांबू नका. शाळेपासून १०० यार्डांच्या आत पानठेला असेल तर मुख्याध्यापकांमार्फत लेखी तक्रार करा. तिथे तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे.