लेकीचा संशोधनाचा विषय बदलायचा का?

ताई, पत्र दोनदा वाचलं. लेक एमएला समाजशास्त्र करतेय, हर्णै-दाभोळकडच्या ज्या बायकांचे नवरे बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत त्यांच्या मुलाखती घेतेय, आणि महिनाभर तिला धड झोप नाही. विषय बदलायला सांगू का, यात पुढे नोकरी तरी आहे का, असं विचारलंत.

बदलू नका. आधी ती मुलाखतींचं टायपिंग कधी करते ते बघा. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला सहज पाच-सहा तास जातात, हेडफोन लावून तोच हुंदका मागे घेऊन घेऊन ऐकायचा, आणि बहुतेक मुलं हे रात्री घर झोपल्यावर करतात, मग झोप कुठून येणार! दिवसा करू दे, आठवड्याला दोनच मुलाखती, आणि प्रत्येकीनंतर गाईडशी स्वतःला काय वाटलं ते बोलायचं. तुमच्याजवळ रडली तर जवळ घ्या, पण कोण, कुठली ते विचारू नका, तुम्ही त्याच बंदरावर मासळी घेता.

प्रबंधात बायकांचं नुसतं नाव बदलून भागत नाही हे तिला नक्की सांगा. दोन मुलं, सासू आंधळी, नवरा अमुक बोटीवर तांडेल, एवढं छापलं की अख्खी वाडी ओळखते. असे तपशीलही बदलावे लागतात. जून-जुलैत मासेमारी बंद, पुरुष घरात, तेव्हा ओटीवर बसून असलं बोलणं होत नाही.

प्रश्नही जपून. प्रेत मिळालं नसेल तर साधारण सात वर्षं काही खबर नसल्यावरच कायदा माणूस मेला असं धरतो, तोवर मृत्यूचा दाखला अडतो, विमा अडतो, आणि त्या बाईने मंगळसूत्र काढलेलं नसतं. तिला "मिस्टर कधी वारले" विचारलं की मुलाखत तिथेच संपली. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने हेच विचारलं होतं, बाई काही न बोलता उठल्या, दोरीवरचा नवऱ्याचा धुतलेला शर्ट काढून घडी घालत बसल्या. मुलीने रेकॉर्डर बंद केला आणि शेजारी बसून राहिली. बरोबर केलं तिने. परवानगी एकदा सही घेतली की झाली असं नसतं, मध्येच नको म्हटलं तर थांबायचं. "काय पैसे मिळतील काय?" विचारलं तर नाही म्हणून आधीच सांगायचं, खोटी आशा लावायची नाही.

नोकरीचं म्हणाल तर मुंबईत टिस (टाटांची समाजविज्ञान संस्था), सेहत (आरोग्यावर संशोधन करणारी) अशा संस्थांत आणि आरोग्याच्या प्रकल्पांत मुलाखती घेणारी माणसं लागतात, सुरुवात बहुतेक कंत्राटावर, पगार बेताचा, पण बायका जिच्याशी बोलतात अशी मुलगी सहजी मिळत नाही.

झोपेचं दोन आठवड्यांत सुधारलं नाही तर १४४१६ वर फोन करा, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.