मोटर नसलेला चालता रोबो दोनच पावलांत का पडतो?

तुमचा प्रश्न असा, की मोटर-बॅटरीविना उतारावरून चालणारा दोन पायांचा रोबो चालतो कशाच्या जोरावर, आणि तुम्ही केलेला दोनच पावलांत का कोसळतो.

जोर उताराचाच. टेकलेला पाय उलट्या लंबकासारखा पुढे कलतो, मोकळा पाय साध्या लंबकासारखा झुलत पुढे येतो. यात ऊर्जा फारशी जात नाही. ती जाते पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा. सगळं वजन कमरेशी आणि तळवे टोकदार धरले, तर दोन पायांत २० अंशांचा कोन असताना दर पावलाला सुमारे १२ टक्के गतिज ऊर्जा जाते. ३० अंशांना २५ टक्के. उतार एवढंच भरून देतो. म्हणून पावलं लहान हवीत आणि तळवा पुढे-मागे गोल. त्रिज्या पायाच्या लांबीच्या साधारण तिसरा हिस्सा. उताराला ३ ते ५ अंश पुरतात, म्हणजे मीटरभर फळीचं एक टोक ५ ते ९ सेंमी उचलायचं.

पण पडण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. गुडघा नसेल तर पुढे येणारा पाय जमिनीला घासतो. १९९० मध्ये या चालीचं गणित मांडणाऱ्या टॅड मॅकगीरने वाटेवर पाय टेकायचा तिथेच फरशीचे तुकडे मांडून ही अडचण टाळली, आणि यंत्र बाजूला पडू नये म्हणून बाहेरचे दोन पाय एकमेकांना जोडले. तुमच्याकडे पाय दोनच, तेव्हा यंत्राने आडवं डुलूनच पाय उचलायला हवा. तळवा आडवाही गोल करा.

आता डुलण्याचा आणि झुलण्याचा ताल जुळला पाहिजे. सगळे इथेच अडकतात. पाय म्हणून लावलेली २० सेंमीची सरळ पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झुलायला सुमारे ०.३७ सेकंद घेते, तळवा जड असेल तर थोडं जास्त. दोन्ही पाय चिकटपट्टीने बांधा, यंत्र सपाटीवर उभं करून बाजूने टिचकी मारा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये डुलणं मोजा. एका बाजूकडून दुसरीकडे जायला पायाच्या झुलण्याहून कमी वेळ लागत असेल, तर कमरेला आडवी काठी लावून तिच्या टोकांना नट अडकवा. जास्त लागत असेल तर तेच नट आत सरकवा.

पाय वळून यंत्र तिरकं जात असेल तर तळव्याला रबराची पातळ पट्टी चिकटवा. बिजागरीत आडवी ढिलाई नको. सोडताना पुढे ढकलू नका; एका बाजूला कलतं करून नुसता हात काढा.