चेंज रिपोर्ट अडतो कुठे?

प्रश्न : वागळे इस्टेटजवळ आमची संस्था मुलांची अभ्यासिका चालवते. २०१९ आणि २०२४ मध्ये कार्यकारिणी बदलली, पण धर्मादाय कार्यालयात कळवायचं राहून गेलं. आता बँक सह्या बदलून देत नाही. फक्त २०२४चा बदल कळवला तर चालेल का?

उत्तर : नाही. बँक परिशिष्ट १ (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा) वरची नावं पाहते आणि तिथे अजून २०१९च्या आधीची मंडळी आहेत. (नोंद नाही म्हणून निवडच रद्द झाली, असं मात्र नव्हे.) महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत अनुसूची ३ या नमुन्यात बदलाचा रिपोर्ट, म्हणजेच चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. तुम्हाला दोन वेगळे रिपोर्ट द्यावे लागतील, आधी २०१९चा, मग २०२४चा. दोन्हींसोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा. कारण पटलं तर खर्चाची रक्कम भरून घेऊन उशीर माफ होतो.

जोडायची कागदपत्रं : सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरीच्या सह्या, नव्या विश्वस्तांची (म्हणजे कार्यकारिणी सदस्यांची) संमतिपत्रं, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला. जुन्या विश्वस्तांची ना-हरकत मिळाली तर काम बरंच सोपं होतं.

खरी गोम नोटिशीत असते. संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) १५ दिवसांची मुदत असताना दहाव्या दिवशी सभा घेतलेली, किंवा फोनवर निरोप दिला आणि पोच कुठेच नाही. सभासदांची यादी अद्ययावत नसेल तर गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) तरी कशी सिद्ध करणार? २०१९ची नोटीस सापडत नसेल तर तसं प्रतिज्ञापत्रावर लिहा, पण आज बसून जुन्या तारखेचं इतिवृत्त रंगवू नका. एका सभासदाने हरकत घेतली की उलटतपासणीत ते उघडं पडतं. हिशेबपत्रकंही थकली असतील तर तीही भरा; हिशेब देण्यात वारंवार कसूर झाली तर कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, पदावरून काढताही येतं.

प्रश्न : नेरूळचं कार्यालय खारघरला नेतोय. दोन्ही नवी मुंबईच, मग काही करावं लागेल?

उत्तर : लागेल. नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये. पत्ता बदलण्याचा ठराव, जागेचा नोंदणीकृत भाडेकरार किंवा मालकाचं संमतिपत्र जोडून ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयातच चेंज रिपोर्ट द्या, कारण तुमची नोंदणी तिथली आहे. घटनेत पत्ता लिहिलेला असेल तर आधी घटनादुरुस्ती. खारघरला नुसतं केंद्र उघडत असाल आणि मुख्य कार्यालय नेरूळलाच राहणार असेल, तर पत्ताबदलाचा हा खटाटोप नको.