उरलेल्या भिंतींना हात लावू नका

प्रश्न : सोलापुरात भुईकोट किल्ल्यालगत आमचा पणजोबांच्या वेळचा वाडा आहे. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आल्यावर आम्ही पुढची माडी आणि ढाळज उतरवली, सागवान विकलं. आता चुलत भावंडं मिळून जुन्या फोटोंवरून वाडा, मागची बाग, कारंजं पूर्वीसारखं करायचं म्हणतोय. उरलेलं पाडून एकदमच काम काढावं का?

उत्तर : नाही. जेसीबी सांगितला असेल तर तो आजच रद्द करा.

किल्ल्याभोवतीच्या घरांचे असे प्रश्न वरचेवर येतात, आणि बहुतेक पाडून झाल्यावरच. महापालिकेला इमारत पाडायला, सुरक्षित करायला किंवा दुरुस्त करायला सांगता येतं. तुम्ही थेट पाडायलाच घेतलंत. टेकू देऊन भागलं असतं का, हे एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं तरी होतं!

किल्ला केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातल्या २०१० च्या सुधारणेनं संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित झाले. प्रतिबंधित पट्ट्यातल्या घरमालकाला कलम २०-सी एकच वाट ठेवतं : १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीची दुरुस्ती किंवा नूतनीकरण, तेही परवानगी घेऊन. जुन्याच लांबी-रुंदी-उंचीत घर पुन्हा उभारणं ही पुनर्बांधणी, आणि दुरुस्तीच्या व्याख्येतून ती स्पष्ट वगळली आहे. वाडा फोटोबरहुकूम उभारलात तरी त्यानं काही फरक पडत नाही. मागच्या भिंती आणि माळवद उभं आहे तोवर दुरुस्तीचा अर्ज करायला तुमच्याकडे इमारत आहे. ते पाडलंत की उरला मोकळा प्लॉट. विनापरवाना बांधलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

नियंत्रित पट्ट्यात पुनर्बांधणीचाही अर्ज चालतो. म्हणून आधी मोजणी. अंतर बुरुजापासून धरत नाहीत, संरक्षित हद्दीपासून धरतात, आणि ती हद्द तटाच्या बाहेरही असू शकते. वाडा १९९२ आधीचा असल्याचा पुरावा म्हणून मिळकत पत्रिका आणि जुने घरपट्टीचे उतारे काढा. उभ्या भागाचे तारखेसह फोटो घ्या, इंजिनिअरचा अहवाल घ्या.

पाडलेली माडी दुरुस्तीत बसेल का? उरलेला भाग किती, यावर ते ठरेल. मी हमी देणार नाही. बागेत झाडं खुशाल लावा. कारंज्याचा जुना हौद जागेवर असेल तर तो अर्जात दाखवा. नवं कारंजं किंवा कुंपणभिंत मात्र बांधकामात धरली जाऊ शकते.

सक्षम अधिकाऱ्यानं अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायला १५ दिवस, प्राधिकरणाच्या शिफारशीला दोन महिने, मग अधिकाऱ्याच्या निर्णयाला एक महिना, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त धरून चाला. नकार आला तर उच्च न्यायालयात जाता येईल. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची फेरी वाचली. तारखा मात्र तिथंही पडणारच.

आणि अर्जावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात, पुण्या-मुंबईला गेलेल्या आत्यांच्या आणि बहिणींच्याही.