वाहायला हलकी, झाडायला जड

तू काका म्हटलंस, तेव्हा सरळ अरेतुरे करतो. मला समजलं ते असं: सुट्टीवर ऐरोलीला घरी आलायस, मार्चअखेर न्यूझीलंडला परत, आणि गेल्यागेल्या ऑफिसातल्या मित्रांबरोबर लाल हरणांच्या शिकारीला डोंगरात. रायफल त्यांच्यातल्याच एकाची, .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, जोरदार काडतुसाची), स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण धरून जेमतेम २.९ किलो. इकडे निघण्याआधी टेबलाशी बसून वीस गोळ्या झाडल्यास. पहिल्या चार बऱ्या गेल्या, पुढच्या सगळ्या खाली, आणि खांदा आठवडाभर निळा. विचारतोयस, धक्का इतका का बसतो आणि गोळ्या खाली का जातात. आईला काय सांगितलंस ते विचारत नाही.

(आपल्याकडे शिकारीला बंदी आहे हे मला कुणी ऐकवू नका, प्रश्न तिथला आहे. तिथली हरणं बाहेरून आणून सोडलेली, जंगल ओरबाडतात म्हणून सरकारच परवाने देतं. आपल्या हिमालयातला ताहरसुद्धा १९०४ मध्ये तिकडे नेऊन सोडला; आता तोही डोईजड झालाय.)

आधी हिशेब. गोळी आणि जळलेली पावडर पुढे जाताना जेवढा रेटा घेऊन जातात, तेवढाच मागे येतो. तो रायफलच्या वजनावर अवलंबून नाही. वजनावर ठरतं ते रायफल किती वेगाने खांद्यावर येणार हे. तुझ्या काडतुसाला ही रायफल सेकंदाला सहा मीटरच्या आसपास वेगाने मागे येते, म्हणजे धक्क्याची ऊर्जा साधारण ५० जूल. तीच गोळी चार किलोच्या रायफलमधून झाडलीस तर ३७ च्या आसपास. सव्वातीन किलोची .३०८ (लहान काडतुसाची रायफल) घेतलीस तर २५-२६, म्हणजे निम्म्यावर. आणि मी ज्या छोट्या .२२ रायफलवर शिकलो तिची ऊर्जा अर्धा जूलसुद्धा भरत नाही. दिवसभर डोंगर चढणाऱ्याने हलकी रायफल घ्यावी हे बरोबरच आहे; पण ती खांद्यावर वाहण्यासाठी, टेबलावरून वीस-वीस गोळ्या झाडण्यासाठी नव्हे.

आता मुद्द्याचं. तुझ्या गोळ्या धक्क्याने खाली गेल्या नाहीत. पावडर पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत एक-दीड मिलिसेकंद जातो, आणि तेवढ्यात रायफल मागे सरकते तीनेक मिलिमीटर. खरा धक्का बसतो तेव्हा गोळी निघून गेलेली असते. गोळी खाली नेली ती तुझ्या भीतीने. पाचव्या गोळीपासून तुझं अंग धक्क्याची वाट बघायला लागलं: डोळे मिटले, खांदा पुढे आला, चाप दाबायच्या ऐवजी खेचला गेला. याला आम्ही फ्लिंच म्हणतो. सगळ्यांना होतो, आणि जो नाही म्हणतो त्याला तपासायचा उपाय आहे. मित्राला सांग, तुझ्या नकळत कधी खरं काडतूस भर, कधी डमी, म्हणजे पावडर नसलेलं नकली. डमीवर नुसती ‘टक’ होते आणि नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली जातं. सगळ्यांसमोर. माझं गेलं होतं, तेव्हा शेजारचा इतका हसला की त्याच्या कानावरचे मफ घसरले.

बसण्याची पद्धत बदल. टेबलावर ओणवं झालं की अंगाला मागे जायला जागाच उरत नाही, सगळा मार हाडावर. वाळूच्या पिशव्या उंच कर, छाती ताठ ठेव, म्हणजे कमरेपासून वरचं शरीर धक्क्याबरोबर मागे झुलेल. दस्ता, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, गळपट्टीच्या हाडावर नको आणि दंडावरही नको, मधल्या खळगीत. उजवं कोपर थोडं उचललं की ती खळगी आपोआप तयार होते. दस्ता खांद्यात घट्ट ओढून घे. खांदा आणि दस्ता यात बोटभर फट राहिली तर रायफल तेवढा पल्ला धावून येऊन आदळते. .२२ ला पुढचा हात सैल चालतो, इथे नाही. मात्र रायफल जड पिशव्यांनी मागून करकचून अडवू नकोस. तिला हलायला जागा नसली तर लाकडी दस्ता चापामागच्या बारीक भागापाशी तडकू शकतो, आणि रायफल तुझी नाही.

स्कोपबद्दल कळकळीने सांगतो. डोळा आणि मागची काच यात नऊएक सेंटिमीटर अंतर हवं, आणि चढावर वरच्या दिशेने नेम धरला की डोकं नकळत पुढे सरकतं. मी तर सपाट रेंजवर, दोस्ताच्या .३०-०६ रायफलने, मान पुढे काढून भुवई फोडून घेतली होती. रुमाल दाबून ठाण्यापर्यंत लोकलने आलो. चौथ्या सीटवरच्या माणसाने न मागता जागा दिली, एवढं तोंड रंगलं होतं. तीन टाके. डॉक्टरांनी विचारलं, ‘बाथरूममध्ये पडलात का?’ मी हो म्हणालो.

दस्त्याला चांगला रबरी पॅड लावायला मालकाला सांग, स्वस्त आणि गुणकारी. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडावरचा, गॅस बाजूला सोडणारा तुकडा) धक्का बराच कमी होतो, पण आवाज मागे तुझ्यावर आणि शेजाऱ्यावर फेकला जातो. तिकडे सायलेन्सर सर्रास मिळतो, तोच बघ. धक्काही कमी, आवाजही. तरी कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही हवेतच, कारण फ्लिंच निम्मा आवाजाचा असतो. आणि जमलं तर कुणाची तरी .३०८ माग. अडीचशे मीटरच्या आतल्या हरणाला ती पुरून उरते. मॅग्नमचा हट्ट बहुधा मित्रांचा असतो, हरणाचा नाही.

इथे असेपर्यंत गोळीविना सराव कर. माझ्याकडे एअर रायफल आहे, स्प्रिंगची, त्यामुळे ती छर्ऱ्याशिवाय झाडायची नाही, पिस्टन आपटून खराब होतो. जुनी मॅच (स्पर्धेची) रायफलही आहे, तिच्यात डमी घालून, नळीवर रुपयाचं नाणं ठेवून चाप दाबायचा. नाणं पडता कामा नये. रोज वीस वेळा. तिकडे गेलास की एका बैठकीत मोठ्या रायफलच्या सहा-सातच गोळ्या, आणि त्याही डोंगरात घालणार तोच जाड कोट घालून, कारण कोटाच्या जाडीने डोळा आणि स्कोप यातलं अंतर बदलतं.

शनिवारी संध्याकाळी नौपाड्यात ये. ऐरोलीहून ट्रेनने ये, गाडी आणू नकोस, इथे पार्किंग मिळत नाही. नाणं मी देतो.