काकांची म्हैस आणि तुझी शिडी

बाळ,

अनेक आशीर्वाद. (देव न मानणाऱ्याने आशीर्वाद कुणाच्या भरवशावर द्यायचे, हे विचारू नकोस. सवय आहे.)

गणपतीत घरी झालेल्या भांडणाचं तुझं पत्र दोनदा वाचलं. तू म्हणालीस, देव ही विजेला घाबरलेल्या रानटी माणसाची कल्पना. त्यावर काका म्हणाले, "आपली म्हैस कुठे देव मानते? न मानणं ही जनावराची पायरी. देव सुचायला माणूस व्हावं लागतं." सगळे हसले आणि तुला उत्तर सुचलं नाही. ते मिळावं म्हणून तू मला लिहिलंस.

उत्तर देतो, पण ते तुझ्याही पायांत येणार आहे.

म्हैस देव मानत नाही हे खरं, पण ती देव नाही असंही म्हणत नाही. तिला तो प्रश्नच पडलेला नाही. 'नाही' म्हणायला आधी कुणीतरी 'आहे' म्हणावं लागतं. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः'. आस्तिक, नास्तिक आणि दैववादी दैष्टिक, तिन्ही शब्द त्याने एकाच साच्यातून काढले. तिथे 'अस्ति' कशाबद्दल, तर टीकाकार सांगतात, परलोकाबद्दल. ईश्वराचं नावही नाही. पुढे मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा झाला. जगाचा कर्ता न मानणारे मीमांसक यज्ञाचा विधी जिवापाड जपत, त्यांना कुणी नास्तिकांत घातलं नाही. तेव्हा पुढच्या वेळी काकांना आधी एवढंच विचार, की न मानणं म्हणजे नेमकं काय न मानणं?

आता तुझी बाजू. विजेला घाबरलेला रानटी माणूस तू पाहिलेला नाहीस, मीही नाही. तो पुस्तकातून आला. एडवर्ड टायलर नावाच्या इंग्रज विद्वानाने १८७१ साली शिडी मांडली. खाली झाडाझुडपांत जीव पाहणारे लोक, मग अनेक देव, मग एक देव, आणि सगळ्यांच्या वर अर्थातच टायलरच्या काळचे शिकलेले लोक. आपल्याकडे आगरकर मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांना वाचून घडले, त्यामुळे ही चाल मराठीतही लवकर आली. माझ्या पिढीने ती पाठच केली होती. पण पुढे १९१२ पासून विल्हेल्म श्मिट या कॅथलिक धर्मगुरूने तीच शिडी उलटी धरली. त्याच्या मते सुरुवातीला एकच थोर देव होता, भुतंखेतं आणि बाकीचा पसारा नंतरची घसरण. बारा खंड लिहिले त्याने. शिडी सरळ धरा की उलटी, तिचा पाय शिकार करून जगणाऱ्या दूरच्या लोकांच्या छाताडावर रोवलेला. त्या लोकांना कुणी काही विचारलं नाही असं नाही, पण शिडीचं टोक कुठे पोचवायचं ते आधी ठरलेलं होतं.

२०१६ साली तीन संशोधकांनी अशा ३३ समाजांची तुलना केली. त्यांना सर्वांत जुना थर दिसला तो डोंगर, प्राणी, पाणी यांत जीव पाहण्याचा. जगाचा कर्ता देव त्या ओळीत नीट बसेना, तो इतर समजुतींपासून सुटा, कुठे असतो, कुठे नसतो. म्हणजे तुझं अर्धं बरोबर आणि अर्धं चूक. काकांचंही तसंच. ज्या देवावर तुम्ही दोघं भांडलात तो बहुधा तितका जुना नाही, आणि जो जुना आहे त्याच्यावर कुणी भांडतच नाही.

या जुन्या देवाची गोष्ट सांगतो. आमच्या गावी, सिंधुदुर्गात, वडिलांना विहीर खणायची होती. देवळात कौल लावला. गाऱ्हाणं झालं, "व्हय म्हाराजा" झालं, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. वडील म्हणाले, प्रश्न नीट मांडला गेला नाही. पुन्हा लावला. पाकळी चिकटूनच राहिली, अर्धा तास. सगळे उभे, देवळात फक्त माश्यांचा आवाज. मी अकरा-बारा वर्षांचा, पाय बदलून बदलून दमलो. तिसऱ्यांदा वडिलांनी जागा चार हात सरकवून विचारलं आणि उजवी पडली. तिथे विहीर खणली, पाणी लागलं. दर मे महिन्यात ती आटते. यावर वडील किंवा देव, दोघांपैकी कुणीही पुढे कधी बोललं नाही.

आता सांग, तिसऱ्यांदा कौल लावणारा माणूस श्रद्धाळू की संशयी? मला अजून नक्की सांगता येत नाही. त्या देवळात 'देव आहे का' हा प्रश्न कुणाच्या डोक्यात नव्हता. 'देव ऐकेल का' एवढाच होता, आणि नाही ऐकलं तर पुन्हा सांगायची सोय होती.

तरी 'आहे का' हा प्रश्नही काही काल-परवाचा नाही. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात शंभरावं सूक्त आहे, नेम भार्गव या ऋषीचं मानतात. ते इंद्राची स्तुती म्हणून सुरू होतं आणि तिसऱ्या ऋचेत मध्येच म्हणतं, इंद्र नाही, असं नेम म्हणाला; त्याला पाहिलंय कुणी? मग आम्ही स्तुती करायची कुणाची? पुढच्याच ऋचेत इंद्र हजर: हा मी इथे आहे, गायका, बघ माझ्याकडे. तुला वाटेल, झालं, देव जिंकला. पण पाठांतर करणाऱ्यांनी नेमाची शंका गाळली नाही. तीन हजार वर्षांच्या आसपास ती स्वरासकट, एक मात्राही न हलवता, बापाने मुलाला शिकवली. त्या घराण्यांत इंद्राला नमस्कार करणारं तोंड आणि 'त्याला पाहिलंय कुणी' म्हणणारं तोंड एकच होतं.

म्हणून सांगतो, 'रानटी' हा शब्द तुझ्या वादातून काढून टाक. मीही देव मानत नाही, पण तो जुना आहे म्हणून नाही. चाक आणि भाकरीही जुनीच आहेत. तुझा आक्षेप पुराव्यावर असेल तर पुराव्यावर बोल, नवसाच्या खर्चावर असेल तर खर्चावर. त्या शब्दाने काकांचं काही बिघडलं नाही, ते हसले आणि मोदकाकडे वळले. पण तू लिहिलं आहेस की आजी तेवढ्यात उठून आत गेली.

दिवाळीत जाशील तेव्हा तिच्याजवळ बस. पटवायला नको, विचारायला बस. देवावर ती कधी रागावली होती का, नवस कधी फेडायचा राहिला का, आणि राहिला तेव्हा तिने देवाला काय कारण सांगितलं. काय म्हणते ते तिच्याच शब्दांत मला लिहून पाठव. नेमाची ऋचा मी अर्थासकट उतरवून ठेवतो, काकांसाठी एक प्रत जास्त काढतो.

तुझे,
सर