रिपोर्टवर 'प्रोग्रेशन की सूडोप्रोग्रेशन' आलंय, म्हणजे आजार खरंच वाढलाय की नुसता वाढल्यासारखा दिसतोय. थांबायचं की गोळ्या सुरू करायच्या?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंना तळपायाचा मेलानोमा (कातडीच्या रंगपेशींचा कॅन्सर), जांघेतून फुप्फुसापर्यंत गेलेला, ब्रॅफ पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत ब्रॅफ जनुकातला बदल सापडलेला. इम्युनोथेरपीचे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधाचे, चार डोस झाले आणि आता पेट-स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठी जराशा मोठ्या, शिवाय छातीच्या मधोमध नवीन चमक. इथले डॉक्टर म्हणतात लगेच ब्रॅफवरच्या गोळ्यांवर जाऊ, पुण्याचे म्हणतात सहा आठवडे थांबून परत स्कॅन करू. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, आईला काय सांगू.

मी डॉक्टर नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. पण सासऱ्यांची फाईल अडीच वर्षं मीच सांभाळली, आणि अगदी असाच कागद हातात घेऊन मी एकदा दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले होते. माझं मत आधीच सांगते: आई बऱ्या असतील, चालत-फिरत असतील, तर या एका रिपोर्टवर उपचार बदलू नका. त्या ढासळत असतील तर मात्र थांबू नका. आता हे असं का म्हणते ते सांगते.

आमची अडीच एकर शेती करवीर तालुक्यात, आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर गुळव्या, उसाच्या रसाचा गूळ करणारे. उजव्या टाचेला काळा डाग दिसला तेव्हा घरादारानं ठरवून टाकलं की उसाचा खुंट लागलाय. मग म्हणाले कुरूप. मेडिकलमधून कुरूपाच्या पट्ट्या आणून सात-आठ महिने चिकटवल्या. डाग पसरून मधेच चिघळला तेव्हा कुठं चामडीच्या डॉक्टरांकडं गेलो. मेलानोमा म्हणजे गोऱ्या लोकांचा, उन्हानं होणारा आजार असं मलाही वाटायचं. पण आपल्याकडं तो बऱ्याचदा तळपाय, तळहात, नखाखाली होतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. याला एक्रल म्हणतात. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याला झालेला तो हाच, आणि 1981 साली त्यातच तो गेला. हा प्रकार लक्षात ठेवा, कारण पुढं मी जे आकडे सांगणार आहे ते बहुतेक गोऱ्या कातडीच्या पेशंटवरचे आहेत आणि एक्रलला इम्युनो तुलनेनं कमी लागू पडते.

अप्पा ब्रॅफ निगेटिव्ह होते, म्हणजे गोळ्यांचा रस्ता आम्हाला नव्हताच. इम्युनो सुरू केली. चौथ्या डोसनंतरच्या स्कॅनमध्ये जांघेतली गाठ 31 वरून 18 मिलीमीटरवर आली होती, पण छातीत श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना नव्या गाठी दिव्यासारख्या उजळलेल्या. रिपोर्टच्या शेवटी इंग्रजीत तेच नेहमीचं वाक्य, आजार वाढल्याची शक्यता नाकारता येत नाही. माझे दीर तिथंच म्हणाले, "संपलंच म्हणायचं की." आमच्या डॉक्टरांनी मात्र सीडी लावून चित्रं स्वतः बघितली. म्हणाले, "जिथं कॅन्सर आहे तिथं उतरतोय, आणि भलतीकडं दोन्ही बाजूंना सारखंच उजळतंय. मला हे कॅन्सरसारखं वाटत नाही. पण माझ्या वाटण्यावर नको, तुकडा काढू."

पेट-स्कॅनला टोचतात ती साखरच असते, किरणोत्सर्गी खूण लावलेली. जी पेशी साखर जास्त खाते ती चमकते. कॅन्सर खातो, तसा टीबीही खातो, जंतुसंसर्ग खातो आणि इम्युनोनं चेतवलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशीही खातात. चमक म्हणजे कॅन्सर, हे समीकरण तिथंच मोडतं. पुण्यात ईबस करून घेतलं, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून श्वासनळीच्या आतून सोनोग्राफी आणि तिथूनच सुईनं तुकडा. निघाला ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचा गोळा. कॅन्सरच्या पेशी नाहीत, टीबीची तपासणीही निगेटिव्ह. इम्युनोमुळं काही जणांना सारकॉइड नावाच्या आजारासारखी ही सूज येते. औषध तसंच चालू ठेवलं.

अप्पांना हे सांगितल्यावर ते हसलेच. म्हणाले, "काहिलीतला पाक नुसता रंगावरनं वळखतो म्हणणारा गुळव्या नव्हं पोरी. थेंब पाण्यात टाकायचा, बोटात गोळी वळती का बघायची, मग काहील उतरायची." त्या दिवसापासून आमच्या घरात बायोप्सीला 'गोळी बघणं' असंच नाव पडलं.

आता तुमच्याकडं येते. पुण्याच्या डॉक्टरांचे सहा आठवडे म्हणजे टाळाटाळ नाही. इम्युनोच्या स्कॅनसाठी 2017 साली वेगळे नियम ठरले: पहिल्यांदा वाढ दिसली तर तिला कच्ची वाढ धरायची, आणि पेशंट बरा असेल तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघून पक्की करायची. नेहमीच्या मोजमापातसुद्धा मोजायला धरलेल्या गाठींची बेरीज सगळ्यात कमी होती तिथून 20 टक्के आणि निदान 5 मिलीमीटर वाढली तरच तिला वाढ म्हणतात. 'जराशा मोठ्या' म्हणजे किती, हे मिलीमीटरमध्ये लिहून घ्या. 9 ची 11 झाली असेल तर एवढा फरक नुसत्या मोजण्यातही पडतो.

पण यातली दुसरी बाजूही ऐका. मेलानोमात खरीखुरी सूडोप्रोग्रेशन शंभरात दहाजणांनासुद्धा होत नाही. म्हणजे वाढलेली दिसते ती बहुतेकदा वाढलेलीच असते. आमच्यासारखं होईल असं धरून बसू नका. सहा आठवडे थांबायचे ते आशेवर नाही, अटींवर. या अटी डॉक्टरांकडून आधी वदवून घ्या. मेंदूचा एमआरआय आत्ताच करून घ्या, कारण मेलानोमाला मेंदूत जायची खोड असते आणि मेंदू मुळातच साखर खात असल्यानं पेटमध्ये तिथली बारीक गाठ दिसत नाही. रक्तातलं एलडीएच (कॅन्सर वाढला की चढू शकणारं एन्झाइम) आधीच्या रिपोर्टशेजारी ठेवून बघा. दर रविवारी वजन. आणि धाप, भूक, डोकेदुखी यात काही बिघडलं तर स्कॅनच्या तारखेची वाट बघायची नाही. छातीच्या मधली ती नवी चमक सुईच्या टप्प्यात आहे का, हेही विचारा. असेल तर सहा आठवडे अंदाज बांधण्यापेक्षा 'गोळी बघितलेली', म्हणजे बायोप्सी केलेली, बरी.

आता औषधाच्या गोळ्यांचं सांगते. आईंची ब्रॅफ पॉझिटिव्ह असणं ही खरं तर हातातली जास्तीची पत्ती आहे, आम्हाला ती मिळालीच नाही. डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिबची जोडी लवकर काम करते. धाप लागलेला माणूस काही दिवसांत सावरतो, म्हणून आजार धावत असेल तर डॉक्टर हीच आधी काढतात, आणि ते बरोबरच आहे. पण अनेकांत ती वर्षभराच्या आसपास निष्प्रभ व्हायला लागते. या जोडीवरच्या अभ्यासांत पाच वर्षांनी 34 टक्के पेशंट हयात होते, पण आजार न वाढता राहिलेले 19 टक्केच. ब्रॅफ पॉझिटिव्ह पेशंटमध्ये आधी काय द्यावं, याची अमेरिकेत थेट तुलना झाली. दोन इम्युनो औषधं आधी दिलेल्यांपैकी दोन वर्षांनी जवळजवळ 72 टक्के हयात होते, गोळ्या आधी दिलेल्यांपैकी 52 टक्क्यांच्या आत. म्हणजे तुमचा क्रम चुकलेला नाही. आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात येते: आत्ता गोळ्या चालू केल्या आणि गाठी उतरल्या, तर इम्युनो लागू पडत होती की नव्हती हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पत्ती टाकून झालेली असेल. गोळ्या सुरू केल्याच, तर या जोडीत ताप फार येतो. तो टायफॉईड समजून घरी अंगावर काढू नका, त्याच दिवशी फोन करा.

तुमच्या दोन डॉक्टरांपैकी कुणी काढला नसला तरी तिसरा रस्ता आहे: चालू औषधाला इपिलिमुमॅब हे दुसरं इम्युनो औषध जोडणं. निव्होलुमॅबसोबत (तेही इम्युनोचंच औषध) ते पहिल्यापासून दिलेल्या पेशंटपैकी दहा वर्षांनी 43 टक्के हयात होते, एकट्या निव्होलुमॅबवर 37. मात्र जोडीवर निम्म्याहून जास्त जणांना गंभीर त्रास झाला. अप्पांना पुढं आम्ही ते दिलं. दुसऱ्या डोसनंतर दिवसाला आठ-नऊ जुलाब. आदल्या दिवशी घरात तांबडा रस्सा झाला होता, त्यामुळं सगळ्यांनी रश्शावर खापर फोडलं आणि दोन दिवस घरच्या गोळ्यांत घालवले. ती आतड्याची सूज होती. स्टेरॉइड लावून दहा दिवस दवाखान्यात, औषध कायमचं बंद. उलटंही लक्षात ठेवा: अशक्तपणा आहे म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडून 'ताकदीचं' इंजेक्शन घेऊ नका, त्यात स्टेरॉइड असलं तर इम्युनोच्या कामातच अडथळा येऊ शकतो.

'अप्पांना पुढं दिलं' असं म्हणाले ते का, तेही सांगायला हवं. त्या ग्रॅन्युलोमानंतर सव्वा वर्षानं फुप्फुसात 4 मिलीमीटरचा ठिपका दिसला. यावेळी सगळे निवांत. एवढ्या बारीक ठिपक्यावर पेट चालत नाही, सुई जात नाही, नंतर बघू असं ठरलं, आणि मीही मान हलवली, कारण मागच्या वेळी काही निघालं नव्हतं ना! दोन महिन्यांनी तो 11 चा होता आणि शेजारी तीन नवे. चमक खोटी निघाली, ठिपका खरा निघाला. 2024 च्या चैत्रात अप्पा गेले, घरीच.

पैशाचं थोडक्यात. आमच्या वेळी एका सलाईनचा आकडा लाखाच्या वर जायचा, योजनेत बसलं नाही, कंपनीच्या मदत योजनेतून काही डोस मिळाले. त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म लागतो आणि तो डोसच्या आधी भरावा लागतो, नंतर नाही. कमी डोसमध्ये स्वस्तात होतं असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा तो अभ्यास तोंड-घशाच्या कॅन्सरवरचा आहे, मेलानोमावरचा नाही. डॉक्टरांनी मोजूनमापून सुचवलं तर गोष्ट वेगळी. दोन डॉक्टरांची मतं जुळत नाहीत तर तिसरं टाटाचंच घ्या. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री बसलात की सकाळी दादर, तिथून परळ जवळच. जाताना बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाईड्स सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको.

आईला काय सांगायचं? अप्पांना आम्ही चार महिने नुसतं 'गाठ आहे' म्हणालो होतो. ईबसच्या संमतीपत्रावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी चष्मा मागितला आणि पूर्ण कागद वाचून काढला. सही केली, मग मला म्हणाले, "मला म्हाईत हाय गं. तुझ्याच दुकानातनं रिपोर्ट आणतीस आणि माझ्यापासनं लपवतीस व्हय?" त्यानंतर औषधाच्या वेळा तेच पाळायचे, वजनाची वहीसुद्धा त्यांनीच घातली. तुमच्या आईंचा स्वभाव मला माहीत नाही, पण वजन आणि धाप त्यांच्याच अंगात मोजायची आहे.

सहा आठवड्यांचं ठरलं तर स्कॅन त्याच सेंटरला, त्याच मशिनवर करा. आम्ही एकदा तीन हजार वाचवायला दुसरीकडं गेलो, तिथं जुनी सीडी नव्हती, आणि वर्षभराची जुनी गाठ रिपोर्टात 'नवीन' म्हणून छापून आली. दोन रात्री झोप नाही. आईंना शुगर असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही, त्यानं आतडी उगाच चमकतात. आणि आत्ताच्या स्कॅनची सीडी दिली नसेल तर उद्याच जाऊन मागा. पेनड्राईव्ह घेऊन गेलात तर बहुतेक ठिकाणी त्यात भरून देतात.